शंभराचा एक करताना आम्हाला आमच्या आकड्यात सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय : शेअर एकत्रीकरण आणि भांडवल कपात यांत पेनी शेअरच्या भागधारकांचं होणारं नुकसान

माननीय महोदय,

मी इचलकरंजीत गेली बावीस वर्षं शेअर बाजाराचं एक छोटं ऑफिस चालवते. पूर्वी दारावर सबब्रोकर अशी पाटी होती, २०१९ मध्ये आपल्या नियमाप्रमाणे ती ‘अधिकृत व्यक्ती’, म्हणजे दलालाच्या वतीने गिऱ्हाईक सांभाळणारी, अशी झाली. गिऱ्हाईक तेच राहिलं. यंत्रमागवाले, सायझिंगमधले कामगार, शिक्षक, निवृत्त मंडळी. यातले बरेच जण स्वस्त शेअर घेतात, कारण पाच हजार रुपयांत मोठ्या कंपनीचे दोन शेअर येतात आणि पेनी शेअर हजार येतात. हजार शेअर खात्यात असले की माणसाला आपल्याकडे काहीतरी आहे असं वाटतं. ही समजूत बरोबर नाही हे मी त्यांना नेहमी सांगते. पण आज हे पत्र त्यांच्या चुकीबद्दल नाही.

गेल्या वर्षी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसले होते. आत आल्या आल्या त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. “ताई, हे बघा, हिरवं दाखवतंय. एकशे नव्वद टक्के. विकू का?”

मी मोबाइल हातात घेतला. खरेदीचा भाव ६ रुपये २० पैसे, आजचा भाव १८ रुपये, नफा १९० टक्के. अक्षरं हिरवी. आणि संख्येच्या रकान्यात ४०.

काकांकडे ४,०५० शेअर होते. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा भाव चौदावरून घसरत तीन रुपयांवर आला होता, आणि काका प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे घेऊन ‘अ‍ॅव्हरेज’ करत होते, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी लिहिलं होतं, मोठा ग्रुप कंपनी घेतोय, शेअर उडणार. कंपनी घेतली गेली हे खरंच निघालं. काकांचे एकूण २५,११० रुपये त्यात गेले होते. मग व्यवहार थांबले, अडीच महिने काहीच नाही, आणि शेअर परत सुरू झाला तो १८ रुपयांना, पण दर शंभर शेअरमागे एकच उरला होता. चाळीस शेअरचे झाले ७२० रुपये. अ‍ॅपने खरेदीभाव ६.२० तसाच ठेवला, त्याला नव्या संख्येने गुणलं आणि गुंतवणूक दाखवली २४८ रुपये. २४८ चे ७२० झाले म्हणून अक्षरं हिरवी. पंचवीस हजार गेलेल्या माणसाला त्याच्याच मोबाइलवर चारशे बहात्तर रुपये नफा दिसत होता.

मी काकांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि कागदावर हिशेब मांडून दाखवला. त्यांचा खरा खरेदीभाव आता शेअरमागे ६२० रुपये पडतो हे त्यांना पटायला अर्धा तास लागला. ते काही बोलले नाहीत. कंडक्टरकी केलेला माणूस, सुट्ट्या पैशांचा हिशेब आयुष्यभर बोटांवर ठेवलेला. त्यांनी फक्त विचारलं, “साडेचाळीस होत होते ना? मग तो अर्धा कुठं गेला?”

त्या अर्ध्या शेअरचे नऊ रुपये होतात. ते कधी येणार, कुठल्या खात्यात येणार, कोण देणार, हे मला आजही सांगता आलेलं नाही. कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, मी दोनदा मेल केली. दोन्ही वेळा पोच आली, उत्तर आलं नाही.

आता मी माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत ते ज्या तारखेला धरलं जातं तिच्या, आधी काकांना एक मेसेज आला होता. इंग्रजीत, दोन ओळींचा, त्यात एकास शंभर असं प्रमाण. काकांनी तो मला दाखवला होता. मी घाईत वाचला आणि म्हणाले, “काका, हे स्प्लिटच्या उलटं आहे. शेअर कमी होतील, भाव वाढेल, तुमचे पैसे तेवढेच राहतील.” बावीस वर्षं या धंद्यात काढून मी त्यांना चुकीचं सांगितलं. त्या दिवशी विकायला वेळ होता. तीन रुपये भाव होता, बारा हजार दीडशे तरी हातात आले असते.

माझी चूक झाली ती जिथे झाली, तिथेच हजारो लोकांची होते. एकास शंभर या आकड्याखाली दोन अगदी वेगळे व्यवहार येतात. एक म्हणजे निव्वळ एकत्रीकरण, ज्याला आपण रिव्हर्स स्प्लिट म्हणतो. एक रुपया दर्शनी किमतीचे (शेअरवर लिहिलेली मूळ किंमत, बाजारभाव नव्हे) शंभर शेअर जोडून शंभर रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर करायचा. शंभर सुटे रुपये देऊन शंभराची नोट घेतल्यासारखं. कंपनीतला आपला वाटा तेवढाच राहतो. दुसरा व्यवहार म्हणजे भांडवल कपात. त्यात दर्शनी किंमत तीच राहते, शंभरातले नव्व्याण्णव शेअर रद्द होतात आणि एक उरतो. शंभर नोटांतल्या नव्व्याण्णव फाडून एक परत द्यायची. पाठोपाठ नव्या मालकाला कोट्यवधी नवे शेअर दिले जातात. मेसेजमध्ये मात्र दोन्हीकडे १:१०० असंच लिहिलेलं असतं, आणि भागधारकाच्या दृष्टीने सगळा फरक त्या न लिहिलेल्या एका शब्दात असतो. जोडले की रद्द केले?

माझं म्हणणं मुख्यतः एवढंच आहे. हा शब्द आमच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, वेळेत पोहोचला पाहिजे, आणि ज्याचे शेअर त्याच्या आकड्यात पोहोचला पाहिजे.

सार्वजनिक झालेलं उदाहरण रुची सोया या दिवाळखोरीत गेलेल्या खाद्यतेल कंपनीचं आहे. ती ताब्यात घेण्याची पतंजलीच्या गटाची योजना २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जुने ३३ कोटी ४१ लाख शेअर ३३ लाख ४१ हजारांवर आले. शंभरास एक. दर्शनी किंमत दोन रुपये होती, दोनच राहिली. म्हणजे ती जोडणी नव्हती, कपात होती. नवे शेअर निघाल्यावर जवळजवळ ९९ टक्के मालकी नव्या प्रवर्तकांकडे गेली आणि बाकी साऱ्या जनतेकडे एक टक्क्याच्या आसपास उरलं. २७ जानेवारी २०२० ला शेअर पुन्हा सुरू झाला तेव्हा भाव सतरा रुपयांच्या घरात होता. बाजारात फिरायला शेअरच नव्हते, त्यामुळे रोज वरचं सर्किट (एका दिवसातल्या भाववाढीची मर्यादा) लागत गेलं आणि जूनच्या अखेरीस भाव पंधराशेच्या वर गेला. ज्याने आपला एक शेअर धरून ठेवला त्याचं नुकसान भरून निघालं, वर फायदाही झाला. ज्याने सतराला घाबरून विकला त्याचं सगळं गेलं. दोघांचे शेअर सारखेच होते. मागे काय झालंय आणि बाजारात किती शेअर उरलेत, हे एकाला ठाऊक होतं किंवा नशिबाने साथ दिली, आणि दुसऱ्याला कुणी सांगितलं नाही.

त्या वेळी सेबीने लक्ष घातलं, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. चर्चापत्र काढलं गेलं, आणि दिवाळखोरीतून बाहेर पडून पुन्हा सूचीबद्ध होणाऱ्या कंपनीत जनतेकडे निदान ५ टक्के शेअर हवेत, असा नियम २०२१ मध्ये झाला. एका कंपनीचं उदाहरण पाहून आपण नियम बदलून घेऊ शकता हे तेव्हा दिसलं. म्हणून तर हे पत्र आपल्याला लिहितेय.

दिवाळखोरीत कंपनी बुडते तेव्हा भागधारक रांगेत शेवटचा असतो, हे आम्हाला मान्य आहे. बँका, कामगार, सरकार, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर आमचं, आणि बहुतेक वेळा उरत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवाळखोरी संहितेत असंही आहे की योजनेच्या अंमलबजावणीसाठी भागधारकांची संमती लागत असेल तर ती मिळाली असं समजायचं. म्हणजे आमचे हात आमच्या वतीने वर झालेले असतात. ज्याला विचारायचंच नाही त्याला निदान सांगायला तरी हवं. विचारणंही नाही आणि सांगणंही नाही, असं दोन्ही बाजूंनी होऊ नये.

दिवाळखोरीबाहेरच्या कंपन्यांचा प्रश्न वेगळा आहे. निव्वळ एकत्रीकरण वाईट नसतं, हे मी गिऱ्हाइकांनाही सांगते. अमेरिकेत सिटीग्रुपने मे २०११ मध्ये दहाचा एक केला, जनरल इलेक्ट्रिकने जुलै २०२१ च्या अखेरीस आठाचा एक. भाव त्या पटीत वर गेले, कुणाची मालकी हलली नाही, धंदा चालू राहिला. पण पेनी शेअरमध्ये एकत्रीकरण बहुधा कपडे बदलण्यासाठी होतं. साठ पैशांचा शेअर साठ रुपयांचा दिसू लागतो. नव्या माणसाला ती वेगळीच कंपनी वाटते आणि तो आत येतो. धंदा तोच, कर्ज तेच, घसरण परत सुरू.

ही घसरण किती खोल जाते ते पाहायचं तर अमेरिकेतल्या नॅस्डॅक या शेअर बाजाराकडे पाहावं. तिथे भाव सलग ३० कामकाजाचे दिवस एका डॉलरखाली राहिला की कंपनीला नोटीस येते आणि भाव वर आणायला १८० दिवस मिळतात. धंदा सुधारून भाव वर आणणं कठीण, शेअर जोडून वर आणणं सोपं. मलन ऑटोमोटिव्ह या वीजगाड्यांच्या कंपनीने २०२३ या एका वर्षात तीनदा एकत्रीकरण केलं. मे महिन्यात पंचविसाचा एक, ऑगस्टमध्ये नवाचा एक, डिसेंबरमध्ये शंभराचा एक. गुणाकार करा. वर्षाच्या सुरुवातीला २२,५०० शेअर असलेल्याकडे वर्ष संपताना एक शेअर उरला. तिथे एकत्रीकरणात अधिकृत शेअरची, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त किती शेअर काढता येतात याची, मर्यादा बहुधा कमी होत नाही, त्यामुळे जोडून झालं की कंपनीला नवे शेअर काढायला भरपूर जागा मिळते, आणि ते निघाले की भाव पुन्हा खाली येतो. आपल्याकडची मुलं आता मोबाइलवरून असले अमेरिकी शेअर घेतात. पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा त्यातलाच, म्हणून मला हे माहीत.

पण त्यांनीही शेवटी कडी घातली. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार, एका वर्षाच्या आत एकत्रीकरण केलेल्या कंपनीचा भाव पुन्हा डॉलरखाली गेला तर तिला ती १८० दिवसांची सवलत मिळत नाही. दोन वर्षांत एकूण प्रमाण २५० किंवा त्याहून जास्त झालं तरी तेच. आपल्याकडे किमान भावाची अट नाही, त्यामुळे त्यांचा नियम जसाच्या तसा इथे लागू होणार नाही. पण एकत्रीकरण पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर त्याचा अर्थ लावायचा असतो, एवढं त्यावरून घेता येईल.

आपल्या कंपनी कायद्यात संरक्षण अजिबात नाही असं नाही. कलम ६१ प्रमाणे एकत्रीकरणामुळे भागधारकांच्या मतांची टक्केवारी बदलत असेल तर कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. कलम ६६ खाली भांडवल कपात करायची तर विशेष ठराव लागतो आणि सूचीबद्ध कंपनीच्या बाबतीत न्यायाधिकरण सेबीलाही नोटीस पाठवतं. पण विशेष ठराव म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश. प्रवर्तकाकडे सत्तर टक्के असतील आणि पाच-पाचशे शेअरवाल्यांपैकी फारच थोडे मत टाकत असतील, तर तो ठराव कुणाचा असतो? शेअर बाजारातून कंपनी काढून घ्यायची असते तेव्हा जनतेतल्या भागधारकांची मतं वेगळी मोजावीत, आणि बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या निदान दुप्पट असावीत, असा आपलाच नियम आहे. कपातीत आणि मोठ्या प्रमाणातल्या एकत्रीकरणातही लहान भागधारक बाहेरच पडतो. शंभरास एक असेल आणि खात्यात नव्वद शेअर असतील, तर रेकॉर्ड डेटनंतर तो माणूस त्या कंपनीचा भागधारक राहत नाही. तिथेही आमची मतं वेगळी मोजा. कायद्याच्या तरतुदींत आपल्याला थेट हात घालता येत नसेल, तर सूचीबद्धतेच्या अटींतून हे करता येईल असं मला वाटतं.

अपूर्णांकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण काकांच्या नऊ रुपयांनी मला फार त्रास दिला आहे. प्रघात असा की सगळ्यांचे अर्धे-पाव शेअर एका विश्वस्ताकडे गोळा होतात, तो ते विकतो आणि पैसे वाटले जातात. कधी विकले, काय भावाने विकले, ही माहिती शोधून काढायला मला वेळ काढावा लागतो, आणि मी या धंद्यातली आहे. मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई कुठे शोधणार? लाभांश जसा खात्याला जोडलेल्या बँकेत आपोआप येतो तसे हे पैसे आले पाहिजेत, आणि ठरलेल्या तारखेच्या आत आले पाहिजेत. न दिले गेलेले पैसे सात वर्षांनी गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा करण्याची जी यादी कलम १२५ मध्ये आहे, तिच्यात बोनस आणि विलीनीकरणातून निघालेल्या अपूर्णांकांची रक्कम नावाने लिहिलेली आहे. एकत्रीकरणाचं आणि कपातीचं नाव तिथे नाही. ते यावं म्हणून आपण केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाला कळवावं.

आणि ज्याच्या हातात उरलेल्या शेअरची किंमत पन्नास रुपये आहे त्याचं काय? तो विकायला गेला तर डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) आणि त्यावरचा कर यांतच पंधरा-वीस रुपये जातात. अशा कारवाईनंतर काही महिने लहान भागधारकाला एकदा तरी खर्चाशिवाय उरलेले शेअर विकता यावेत. मागणी मोठी नाही.

अ‍ॅपवरच्या हिरव्या अक्षरांचा विषय मी हलका समजत नाही. त्या चुकीच्या खरेदीभावावरून वर्षअखेरीचं नफातोट्याचं पत्रक निघतं आणि तेच करसल्लागाराकडे जातं. भांडवल कपात म्हणजे आयकराच्या दृष्टीने हस्तांतरणच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आहे. भांडवली तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. पण काकांच्या पत्रकात तोटाच दिसत नाही, तिथे नफा आहे. म्हणजे शेअर गेले, पैसे गेले, आणि कायद्याने मिळू शकणारा शेवटचा आधारही एका चुकीच्या रकान्यात अडकला. एकत्रीकरण वा कपात झाल्यावर मूळ गुंतवलेली रक्कम तशीच दाखवणं प्रत्येक दलालाला बंधनकारक करा. फार अवघड नाही. शाळेत शिकवतात तेवढाच भागाकार आहे.

सगळ्यात सोपी गोष्ट शेवटी ठेवली आहे. डीमॅट स्वरूपातले शेअर सांभाळणाऱ्या दोन्ही डिपॉझिटरींची मुख्यालयं मुंबईतच आहेत. कुणाकडे किती शेअर आहेत हे त्यांना शेवटच्या शेअरपर्यंत ठाऊक असतं. मोबाइल नंबर त्यांच्याकडे आहेत, रोज लाखो मेसेज त्या पाठवतात. प्रत्येक भागधारकाला त्याच्या भाषेत, त्याचा आकडा घालून, रेकॉर्ड डेटच्या निदान पंधरा दिवस आधी आणि नंतर पुन्हा आदल्या दिवशी कळवणं त्यांना सहज शक्य आहे. काकांना असा मेसेज आला असता तर मलाही तो चुकीचा वाचता आला नसता. मी एक नमुना तयार केला आहे. गेल्या आठवड्यात ऑफिसात आलेल्या चौदा जणांना वाचायला दिला. एका आजींना त्यांच्या नातवाने वाचून दाखवला. चौदाही जणांना पहिल्या वाचनात कळलं की आपले पैसे जाणार आहेत. तो असा आहे :

“तुमच्या खात्यात या कंपनीचे ४,०५० शेअर आहेत. हे शेअर जोडले जाणार नाहीत, रद्द होणार आहेत. अमुक तारखेनंतर तुमच्याकडे ४० शेअर राहतील. अर्ध्या शेअरचे पैसे तुमच्या बँकेत अमुक तारखेपर्यंत जमा होतील. रद्द झालेल्या बाकी शेअरबद्दल तुम्हाला काहीही मिळणार नाही. विकायचे असल्यास शेवटचा दिवस अमुक. शंका असल्यास या नंबरवर मराठीत बोला.”

आपली,
इचलकरंजीतली एक अधिकृत व्यक्ती
जि. कोल्हापूर